आणि मी बिअरच्या टेबलाशी बसले!

"आई, आत यायचं की नाही ते तू ठरव. आम्ही थांबतो," असं म्हणून आमचा मुलगा फुटपाथवर उभा राहिला. सूनबाई नातीचा हात धरून त्याच्या शेजारी. आणि आमचे हे? ते खाली दगडी फरशीकडे असे बघत होते, जणू या प्रकरणाशी त्यांचा काडीचा संबंध नाही! समोर कमानीचं दार. आतून पितळी वाद्यांचा दणदणाट आणि नुकत्याच भाजलेल्या पावाचा खमंग वास. शहर म्युनिक, चौकाचं नाव प्लाट्सल आणि इमारतीचं नाव होफब्राउहाउस. आपल्या भाषेत सांगायचं तर 'दरबारी बिअरशाळा'!

मैत्रिणींनो, मी गडचांदूरची. चंद्रपूर जिल्ह्यातलं आमचं गाव चुनखडीच्या जोरावर आणि सिमेंटच्या कारखान्यांवर वाढलेलं. सकाळी ओसरी पुसावी नि दुपारी पुन्हा बोटानं नाव काढता येईल इतकी धूळ. एका अंगाला माणिकगडचा डोंगर, जवळच अमलनाल्याचं धरण आणि थोडं पुढे गेलं की तेलंगणाची हद्द. अशा गावची बाई थेट जर्मनीत जाऊन बिअरच्या दारात का अडली, ते आधी सांगायला हवं.

माझा थोरला भाऊ चुनखडीच्या खाणीत कामाला होता. हाताला कसब, स्वभाव लोण्यासारखा. पण पगाराच्या दिवशी तो घरी यायचा तो पाकीट रिकामं करूनच. पुढे पुढे वहिनी पगाराच्या दिवशी खाणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहायला लागली. लोक हसायचे. हसू देत, चार दिवसांचं पीठमीठ तरी हाती लागायचं. बेचाळिसाव्या वर्षी भाऊ गेला. तेराव्याच्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ज्या टेबलावर दारू ओतली जाते, त्या टेबलाशी मी आयुष्यात बसणार नाही."

ते मी पाळलं. आमच्या घरात बाटली आली नाही. बाहेर, मित्रांच्या मेळ्यात हे एखादा घोट घेत असतील, अशी शंका मला अधूनमधून यायची. पण मी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. आपल्यापैकी किती जणींच्या घरात हा असाच न बोलता झालेला करार असेल, नाही?

आमच्या भागात हा विषय घरापुरता राहिलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी, गडचिरोलीत 1993 पासून. मधला आमचा चंद्रपूर जिल्हा मात्र ओला. 2010 च्या डिसेंबरात आमच्या जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून पायी निघाल्या आणि नागपूरला अधिवेशनावर जाऊन धडकल्या. माझी वहिनी त्यांच्यात होती. पायाला फोड घेऊन आली, पण चेहरा असा की माहेरपण करून आल्यासारखा. अखेर 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. त्या दिवशी वहिनीनं पुरण घातलं होतं! पुढे काय झालं तेही सांगायला हवं. आमचा तालुका सीमेवरचा. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, डोंगरापलीकडे तेलंगण. दारू यायची ती येतच राहिली, फक्त चोरून आणि महाग. 2021 मध्ये सरकारनं बंदी उठवली आणि दुकानांच्या पाट्या पुन्हा रंगल्या.

तर अशी मी, 2023 च्या मे महिन्यात धाकट्याकडे म्युनिकला आले. चंद्रपूरचं 45 अंशाचं ऊन मागे टाकून! आल्यावर राजवाडा झाला, संग्रहालय झालं, मोठं चर्च झालं. मग एका सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "ते होफब्राउहाउस म्हणून आहे ना, ते एकदा बघायचं होतं. बघायचं फक्त."

"बघायचं फक्त म्हणजे?" मी विचारलं.

"आई, तिथे जेवण मिळतं," मुलानं बाजू सावरली. "तुला चालेल असंही."

"आणि आई, तिथे आजीबाई बसलेल्या असतात, तान्ही मुलंसुद्धा असतात," सूनबाईची भर. मी काही बोलले नाही. नाही म्हटलं नाही, म्हणून त्यांनी ते होच धरलं आणि संध्याकाळी ही वरात त्या दारापर्यंत येऊन थांबली.

माझा निश्चय कुणाच्या उपदेशानं मोडला असं नका समजू हं. मोडला तो नातीनं. "आजी, शू!" आता काय करणार? मोरी आत. मी तिला उचललं आणि शिरले.

परत येताना जरा थबकून बघितलं. बाई गं, केवढं ते दालन! खांबांवर पेललेल्या घुमटाकार कमानी, त्यांवर फळं, पानंफुलं रंगवलेली. खाली लांबच लांब लाकडी टेबलं आणि बाकं, एकावेळी हजार माणसं सहज बसतील अशी. टेबलांच्या फळ्यांवर शाळेतल्या बाकांसारखी नावं कोरलेली. मधोमध बॅंड. चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या नि पिसाच्या टोप्या घातलेले म्हातारबुवा भलीमोठी पितळी वाद्यं फुंकताहेत. वाढणाऱ्या बाया घेरदार झगा आणि त्यावर एप्रन बांधून, दोन्ही हातांत मिळून आठ-दहा मग घेऊन गर्दीतून झपाझप चाललेल्या. एकेक मग पूर्ण लिटरचा, त्याला म्हणतात 'मास'. भरलेली घागर कमरेवर घेणारी आपली बाईसुद्धा त्यांच्या मनगटाला दाद देईल!

पण मी बघत होते ते वेगळंच. बाया बसल्या होत्या. नवऱ्याशेजारी, मुलांना मांडीवर घेऊन, कुणी विणकामाची पिशवी बाजूला ठेवून. जेवत होत्या, गप्पा मारत होत्या. आमच्याकडे ज्या दारावर पडदा असतो आणि ज्याच्यासमोरून जाताना आपण रस्ता ओलांडतो, तसलं ते दार नव्हतंच. मी मुलाला हाक मारली. "या आत. जेवण तर जेवू."

तिथे जागा कुणी देत नाही, आपणच शोधायची. अनोळखी माणसांच्या टेबलाशी 'इथे रिकामं आहे का?' विचारून बसायची पद्धत. आम्हाला जागा मिळाली ती एका एकट्या आजींच्या समोर. पांढरे केस, गळ्यात चांदीचं पदक, समोर निम्मा संपलेला पेला. काही टेबलं मात्र राखीव असतात, वर्षानुवर्षं येणाऱ्या मंडळींची. त्याला म्हणतात 'स्टामटिश'. या नेहमीच्या लोकांचे स्वतःचे मगसुद्धा तिथेच लोखंडी जाळीच्या कप्प्यांत कुलपात ठेवलेले असतात. आपल्याकडे बॅंकेत लॉकर मिळवायला खटपट करतात, तिथे मगाच्या कप्प्यासाठी!

वाढणारी बाई आली. मुलानं सूनबाईसाठी नि माझ्यासाठी सफरचंदाचा रस आणि सोडा मिसळलेलं सरबत सांगितलं. त्याला 'आप्फेलशोर्ले' म्हणतात, आणि खरंच झकास लागतं. मग ती ह्यांच्याकडे वळली. ह्यांनी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं संसार झाला. बदली घेताना नाही, प्लॉट घेताना नाही, पण त्या दिवशी ह्यांनी माझ्याकडे डोळ्यांनी परवानगी मागितली. मला हसूही आलं आणि आत कुठेतरी कसंसंही झालं.

मी म्हटलं, "घ्या. पण माझ्यासमोर घ्या. यापुढे कुठेही घ्यायची तर माझ्यासमोर."

बापलेकांत मिळून एक लिटरचा मग आला. ह्यांनी घोट घेतला, ओठांवरचा फेस पुसला आणि म्हणाले, "कडू आहे गं!" मुलगा खो खो हसला. मला त्या क्षणी भाऊ आठवला. त्याला कडू लागलेलं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

जेवण येईपर्यंत मुलानं या जागेचा इतिहास सांगितला. तो मला फार आवडला, कारण त्याची सुरुवात अगदी आपल्यासारखी आहे. बव्हेरियाच्या दरबाराला चांगली बिअर लागायची, ती यायची दूर उत्तरेच्या आइनबेक गावाहून. खर्च परवडेना. तेव्हा ड्यूक विल्हेल्म पाचवा याच्या पदरच्या लोकांनी सुचवलं, बाहेरून मागवण्यापेक्षा घरीच करू या. 1589 मध्ये ही दरबारी बिअरशाळा निघाली. नंतर 1607 च्या सुमारास ती या चौकात आली. आधी माल फक्त दरबारासाठी होता, 1828 मध्ये राजा लुडविग पहिला यानं सामान्य लोकांना इथे बसून पिण्याची मुभा दिली. 1896 मध्ये बिअर गाळण्याचं काम दुसरीकडे हलवलं आणि ही वास्तू नव्यानं बांधून काढली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून तिची वाताहत झाली. वरचा मोठा समारंभाचा दिवाणखाना पुन्हा उघडायला 1958 साल उजाडलं.

त्याआधी 1516 मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकांनी कायदाच केला होता, की बिअरमध्ये बार्ली, हॉप नावाच्या वेलीची फुलं आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही. गहू पावासाठी राहावा हाही त्यात हेतू होता, असं म्हणतात. शिवाय बिअरचा भावही त्यातच ठरवून दिला होता. भेसळ नको, भाव बांधलेला आणि घरातलं पीठ शाबूत! या ड्यूकांच्या मागे नक्कीच एखादी गृहिणी उभी असणार.

आणि त्यांचे उपवास ऐका! ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपवास असतात. म्युनिकच्या पाउलानर मठातले साधू त्या दिवसांसाठी चांगली दाट, कडक बिअर करायचे. पातळ पदार्थानं उपास मोडत नाही, हा त्यांचा आधार. आपल्याकडची 'एकादशी दुप्पट खाशी' म्युनिकलाही माहीत आहे म्हणायची.

तेवढ्यात ताटं आली. आता खाण्याचं सांगते. तिथे मुख्य मान डुकराच्या मांसाचा. भाजलेली तंगडी आणि सॉसेज शेजारच्या टेबलावर ढिगानं. पांढऱ्या सॉसेजचा एक नियम गमतीचा आहे. ते सकाळच्या न्याहारीचं, दुपारचे बारा वाजायच्या आत खायचं. पूर्वी शीतकपाटं नव्हती, सकाळी केलेलं दुपारपर्यंत संपवायचं. आपण नाही का, श्रावणात सकाळचा नारळाचा पदार्थ संध्याकाळी कुणाला देत नाही!

आम्ही घेतलं ते असं. पहिलं 'ब्रेत्सेल', हाताची घडी घातल्यासारख्या आकाराचा मोठा पाव. भाजायच्या आधी तो कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यातून काढतात, म्हणून वरून गुळाच्या पाकासारखा तांबूस चकचकीत होतो, आत मऊसूत आणि वर जाड मीठ. दुसरं 'केझे-श्पेट्स्ले'. कणीक सैलसर भिजवून तिचे बारीक तुकडे उकळत्या पाण्यात सोडतात, मग चीज घालून वर तळलेला कांदा. पहिला घास घेतला आणि म्हटलं, ही तर आपल्या वरणफळांची चुलतबहीण! तिसरं 'क्नोडेल', म्हणजे शिळ्या पावाचे किंवा बटाट्याचे उकडलेले गोळे, बरोबर अळंब्यांचा रस्सा. वऱ्हाडातला आपला गोळाभात ज्यांनी खाल्लाय त्यांना याचं नवल वाटायचं नाही. फक्त तिखट लागत नाही आणि वर फोडणीचं तेल नाही, एवढंच. मी पर्समधून मिरचीच्या ठेच्याची छोटी डबी काढली. सूनबाईनं डोळे मोठे केले. मी म्हटलं, "गप्प बस, तूही घे."

ती डबी बघून समोरच्या आजी हसल्या आणि बोटानं विचारलं, काय आहे? मी कणभर दिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी गटागट पेला रिकामा केला! तिथून आमच्या गप्पा सुरू झाल्या. मुलगा मध्ये दुभाषा.

त्या म्हणाल्या, "तुम्ही पीत नाही?" मी मुलाला म्हटलं, खरं सांग त्यांना. त्यानं भावाचं सांगितलं. फाटकाचंही सांगितलं. आजी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे वडील." लहानपणी त्यांना वडील मोठा मग देऊन कोपऱ्यावरून बिअर आणायला पाठवायचे. लहान मुलांनी घरी बिअर आणणं यात तेव्हा कुणाला वावगं वाटत नसे. पण वडील या अशा टेबलाशी बसून मित्रांबरोबर पीत, वर घरी येऊन पुन्हा पीत. "पगाराच्या दिवशी आई मला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायची," आजी म्हणाल्या.

मुलगा ते मराठीत सांगता सांगता थांबला. मला पहिल्यांदा वाटलं, त्याचं काही ऐकण्यात चुकलं. मी पुन्हा विचारायला लावलं. आजींनी मान हलवली. हो, फाटकाशीच. माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला. बॅंडनं तेव्हाच काहीतरी उडतं गाणं धरलं आणि सगळं दालन मग आपटायला लागलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

खरं सांगू? तोपर्यंत माझ्या मनात एक सोपा निष्कर्ष तयार होत आला होता. तिथे उजेडात पितात, आपल्याकडे अंधारात. तिथे बसून पितात, आपल्याकडे उभ्यानं. तिथे जेवणाबरोबर, आपल्याकडे उपाशीपोटी. तिथे बायकांसमोर, आपल्याकडे बायकांपासून लपून. हे सगळं खरंच आहे आणि त्यानं फरकही पडतो. पण आजींनी माझा तो निष्कर्ष अर्ध्यावरच थांबवला.

घरी येऊन मी मुलाकडून हिशेबही करून घेतला. बिअर म्हणजे काही दारू नव्हे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिच्यात मद्यार्क शेकडा 5 च्या आसपास, आपल्या देशी दारूत शेकडा 42 च्या पुढे. म्हणजे बिअर सौम्य, नाही का? पण मग केवढा, तो बघा! एक लिटरच्या 'मास'मध्ये 50 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क जातो. देशीच्या 90 मिलिलिटरच्या बाटलीत जातो सुमारे 38. वाटीनं मोजलं तर औषध आणि घागरीनं मोजलं तर पाणी, हा हिशेब आपल्यालाच घालायला हवा. पेल्यावरचा फेस तो घालत नाही.

आणखी एक गोष्ट मला तिथे असताना सारखी टोचत होती. 1844 च्या मे महिन्यात म्युनिकच्या लोकांनी मोठी दंगल केली होती. कशासाठी? बिअर महाग झाली म्हणून! बिअरशाळांवर दगडफेक झाली आणि राजाला भाव उतरवावा लागला. आमच्या बाया चिमूरहून चालत गेल्या त्या दारू मिळू नये म्हणून. दोन्हीकडे माणसं रस्त्यावर आली, दोन्हीकडे सरकार हललं. म्युनिकच्या त्या गर्दीत नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाया किती असतील, ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं नसावं.

आणि एकत्र बसणं ही गोष्ट नुसती चांगलीच असते, असंही नाही. याच होफब्राउहाउसच्या वरच्या दिवाणखान्यात 24 फेब्रुवारी 1920 रोजी हिटलरनं आपल्या पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम दोनेक हजार लोकांपुढे वाचून दाखवला होता. असेच मग, अशीच बाकं. टेबल काय, ज्यांना बसवाल त्यांना बसवून घेतं.

एवढं सगळं असून, त्या संध्याकाळी एक गोष्ट मी गाठीला बांधली. अर्धा मग झाल्यावर मुलानं विचारलं, "बाबा, अजून?" ह्यांनी मग बाजूला सारला आणि म्हणाले, "पुरे." साधा शब्द. जेवताना आपण पाहुण्यांच्या तोंडून दहादा ऐकतो. माझ्या भावाच्या तोंडून तो एकदा जरी आला असता तर वहिनीचं आयुष्य निराळं झालं असतं.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो बिअरच्या बागेत. आता ही गोष्ट मात्र तुम्हाला नक्की आवडेल. पूर्वी तिकडे उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी होती, 1539 पासूनचा तो नियम. हिवाळ्यात करून ठेवलेली बिअर तळघरात टिकवायची. तळघर थंड राहावं म्हणून वर मोठ्या पानांची चेस्टनटची झाडं लावली, खाली बारीक खडी पसरली. आपण माठाखाली ओली वाळू घालतो तसंच. मग लोक त्या सावलीत बसूनच प्यायला लागले. शहरातल्या खाणावळवाल्यांचं गिऱ्हाईक तुटलं, त्यांनी राजाकडे तक्रार केली. 1812 मध्ये राजानं निकाल दिला, की बिअर विका, पण पावाखेरीज खायला काही विकायचं नाही. मग लोकांनी काय केलं? घरून डबा आणला! पुढे खायला विकायची बंदी गेली, पण डब्याची चाल आजतागायत आहे. बिअरच्या बागेत पेय त्यांचं घ्यायचं, जेवण खुशाल घरचं न्यायचं.

आम्ही हिर्शगार्टनला गेलो. आठ हजार माणसं बसतील एवढी ती बाग, शेजारी कुंपणात हरणं. मी पहाटे उठून मेथीचे पराठे, सांबारवडी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या केल्या. सांबारवडी म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीचं सारण भरलेली वडी हो, सांबाराशी तिचा संबंध नाही! चेस्टनटला पांढऱ्या फुलांचे तुरे आले होते. शेजारच्या टेबलावर एका बाईनं चौकड्यांचा टेबलक्लॉथ अंथरून घरची मुळ्याची चकती, चीज, काकड्या मांडल्या होत्या. मुळा अखंड गोल गोल कापून त्याला मीठ लावतात, सुटलेलं पाणी तिथेच निथळू देतात. तिनं मुळा दिला, मी सांबारवडी दिली. म्युनिकमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे. त्यातल्या दोन-तीन बिऱ्हाडांची ओळख मुलाची होती, तीही आली. डबे उघडले. हे सरबत प्यायले. "आज नको," म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाची मुलं-सुना तिकडे असतील आणि जाण्याचा योग येईल, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. बागेत ज्या टेबलांवर कापड अंथरलेलं असतं तिथे वाढपी येतात, तिथे घरचा डबा उघडू नका. उघड्या फळ्यांची टेबलं डबेवाल्यांची. शाकाहारी असाल तर बटाट्याचं सॅलड विचारून घ्या, त्यात बहुधा मांसाचं पाणी असतं. आंबवलेल्या कोबीत डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात. 'ओबाट्सडा' नावाचं लोणी-चीजचं मिश्रण पावाबरोबर फार छान लागतं, पण त्यात बिअरचा चमचा पडतो. चालत नसेल तर आधी विचारा. 'राडलर' म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे, त्यात निम्मी बिअर असते. नळाचं पाणी मागितलं तर नाराज होतात, पण त्या देशात एक चांगला कायदा आहे. दारू देणाऱ्या प्रत्येक हॉटेलात निदान एक बिनदारूचं पेय असं हवं, की ते सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग नसेल. ते मागून घ्या. लिटरभर बिअरचे होफब्राउहाउसमध्ये 2023 मध्ये दहा युरोच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे आपले नऊशेभर रुपये पडत होते, हे 'ह्यांना' आधीच सांगून ठेवा. निम्म्या तहानेला तेवढ्यानंच आळा बसतो!

जूनच्या शेवटी परत आले. पहिला पाऊस पडून आमच्या गावची धूळ बसली होती. वहिनीकडे गेले, तिच्यासाठी आणलेली शाल दिली. मग जरा भीतभीतच सांगितलं की मी तिथे बसले. तिनं चुलीवरचा भात उतरवला आणि म्हणाली, "ताई, बसलात तर बसलात. भावजींनी तुमच्यासमोर घेतली, हे बरं झालं. आता निदान तुम्हाला मोजता येईल."

मी तिला त्या दालनाचं सांगितलं, बाया-मुलं बसतात ते सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं असेल हो ते टेबल. पण आमचा पगार टेबलापर्यंत पोचतच नव्हता." मग मी तिला समोरच्या आजींचं सांगितलं. आई मुलीला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायची, ते.

वहिनी हातातली पळी तशीच धरून थोडा वेळ बसली. "इतक्या लांब?" तिनं विचारलं. "आणि तिची आई काय करायची मग? पैसे द्यायचे का तिला?"

मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, माहीत नाही. आजींचा फोन नंबर मुलानं घेऊन ठेवला आहे. दिवाळीला त्यांना फराळाचा डबा पाठवायचं ठरवलंय, त्यासोबत ठेच्याची एक बरणीही घालणार आहे. चिठ्ठी मुलगा जर्मनमध्ये लिहून देईल. वहिनीनं सांगितलंय, तिचा प्रश्न त्यात आठवणीनं लिहायचा.